वरून केलेली मदत

परवा एका बारशाला कोणीतरी म्हणालं, "हळबेकाकांसारखा माणूस पुन्हा होणे नाही." मी हातातली गुलाबजामाची वाटी खाली ठेवली. होणे नाही हे खरंच, आणि होऊसुद्धा नये, असं अगदी तोंडावर आलं होतं. सुहासने टेबलाखालून पाय दाबला म्हणून गप्प बसले. नवरा म्हणून तेवढं काम तो चोख करतो.

पण घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणारच नाहीये. जे पाहिलं तेवढंच सांगते, मग तुम्हीच ठरवा.

इथे अमेरिकेत आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत एक रीत होती. मूल अकरावीत गेलं की त्याला हळबेकाकांकडे न्यायचं. मुलाची मुंज झाली नाही तरी चालायचं, त्याला मराठी वाचता आलं नाही तरी चालायचं, पण हळबेकाकांच्या बेसमेंटमध्ये एका रविवारी सकाळी हजेरी लावल्याशिवाय कॉलेजात काय शिकायचं हे ठरत नसे. काका डॉक्टर. भूल देणारे. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर माणसं झोपवली आणि रिटायर झाल्यावर आमच्या गणपतीत भाषणं करून तेच काम पुढे चालू ठेवलं, असं मी सुहासला म्हणायची. उंच, सडपातळ माणूस. घरातसुद्धा इस्त्रीची पँट आणि खिशाला पेन. तुमच्याशी बोलता बोलता सहज तुमचं मनगट हातात घ्यायचे. आपल्याला वाटावं किती प्रेमळ, आणि मग म्हणायचे, "नाडी फास्ट आहे हं. झोप होत नाही का?" झोप सगळ्यांचीच होत नसायची, त्यामुळे त्यांचं निदान कधी चुकलं नाही.

त्यांच्या बेसमेंटमध्ये आधीच्या मालकाने बांधलेला एक बार होता. त्या बारवर दारूचा थेंब कधी सांडला नाही. कुंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, तिथे पापडांचे डबे ठेवायच्या. पण बारचं उंच स्टूल काकांनी ठेवून घेतलं होतं. त्यावर ते बसायचे आणि समोरच्या खोल सोफ्यात ते अकरावीचं पोर. सोफा इतका रुतणारा की पोराचे गुडघे हनुवटीला लागायचे. वरून कुंदाकाकू शिऱ्याच्या बशा पाठवायच्या. आईबाप भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, पत्रिका दाखवायला आल्यासारखे.

"सो, यंग मॅन. व्हॉट डू यू वॉन्ट टू डू विथ युअर लाइफ?"

उत्तर ठरलेलं. "आय वॉन्ट टू हेल्प पीपल." इथली पोरं दुसरं काही बोलतच नाहीत. शाळेत तेच शिकवतात, कॉलेजच्या निबंधात तेच लिहून घेतात, आणि राहिलंसाहिलं आयांनी येताना गाडीत पढवलेलं असतं.

काका खूश व्हायचे. "व्हेरी गुड! लोकांना मदत करायची. मग कशी करणार?" पोर शिक्षक म्हणालं, काउन्सेलर म्हणालं, फायर ब्रिगेड म्हणालं, काही म्हणालं तरी काका मान हलवत ऐकून घ्यायचे. मग मराठीत यायचे, कारण पुढचं आईबापांसाठी असायचं. "मदत वरून करायची असते, बाळा. ज्याच्या हातात निर्णय असतो तो खरी मदत करतो. खाली वाकून करायला गेलास तर लोक तुला नोकर समजतात." आईबाप माना डोलवायचे. आणि मग मेडिसिन. अगदीच जमत नसेल तर डेंटिस्ट. त्याच्याही खाली फार्मसी, पण ते सांगताना त्यांचा आवाज सांत्वनाला आल्यासारखा व्हायचा.

माझ्या ओजसलाही मी नेलं होतं. मीही त्यातलीच, कशाला खोटं बोलू! ओजस म्हणाला, ज्या मुलांना शिकायला जड जातं त्यांना शिकवायचंय. काकांनी मेडिसिन सांगितलं. ओजस म्हणाला, "बट काका, व्हॉट अबाउट पीपल हू आर नॉट सिक?"

काका हसले. "दे विल बी."

सगळे खो खो हसले. परत येताना गाडीत ओजस म्हणाला, "आई, ही इज लाइक अ ब्रोकन जीपीएस. यू टाइप एनी अ‍ॅड्रेस, ही टेक्स यू टू द सेम हाउस." ओजस पुढे स्वतःच्या मनाने कॉम्प्युटरकडे वळला आणि आता लांब दुसऱ्या राज्यात, हर्नडनला असतो, त्यामुळे माझं काकांशी वैयक्तिक वाकडं काही नाही.

उलट उपकारच आहेत. माझे सासरे सांगलीहून आले होते तेव्हा भर जानेवारीत बाथरूममध्ये पडले. प्रवासाचा विमा काढलेला, पण तो कशाला लागू आणि कशाला नाही हे त्या विम्यालाच माहीत नव्हतं. सुहासने काकांना फोन केला. काका समोरच्याच गल्लीत राहायचे. गुडघाभर बर्फातून घरातल्या सपाता घालून धावत आले. सासऱ्यांना हलवू दिलं नाही, अँब्युलन्सबरोबर गेले, तिथल्या तरुण डॉक्टराला बाजूला घेऊन त्याला दोन गोष्टी ऐकवल्या. सासरे वाचले. काकांच्या पायाची दोन बोटं बर्फाने काळीनिळी झाली होती, पण त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

सासऱ्यांना वाचवल्याबद्दल मात्र पुष्कळ काढलं. प्रत्येक पार्टीत ती गोष्ट व्हायची, आणि दर वेळी तो तरुण डॉक्टर आणखी बावळट व्हायचा. सासरे बिचारे पुढ्यात बसून स्वतःच्या वाचण्याची हकिगत ऐकायचे आणि शेवटी हात जोडायचे. पण काका धावून आले होते हे खरं, आणि ते मी कुठेही सांगेन.

तर असा हा माणूस, आणि त्याची एकुलती एक मुलगी मीनल.

मीनल गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी पोर. मराठी मात्र स्वच्छ, कारण ती आजीजवळ वाढली. काकांची आई त्यांच्याकडेच होत्या. शेवटचं वर्ष-दीड वर्ष त्या अंथरुणात होत्या. तेव्हा मीनल हायस्कूलमध्ये. मी कधी डबा द्यायला गेले की दिसायचं ते असं: काका दारात उभे. औषध किती, कधी, कशाबरोबर, सगळं तोंडपाठ सांगायचे. आणि आत मीनल आजीची कूस बदलतेय, पाठीला पावडर लावतेय, खालची चादर आजीला न उठवता काढतेय. आजी दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. काका जवळ गेले की म्हणायच्या, "तू राहू दे रे, तुझे हात गार आहेत. मिनूला पाठव."

एकदा मी मीनलला विचारलं, "तुला घाण नाही का गं वाटत?" ती म्हणाली, "पहिल्यांदा वाटली, मावशी. मग आजीला किती लाज वाटतेय ते दिसलं. मग माझी गेली."

सोळा-सतरा वर्षांची पोर! मी घरी येऊन सुहासला सांगितलं, तर त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. आजी गेल्या आणि मीनलने ठरवलं, नर्स व्हायचं. आईला सांगितलं. कुंदाकाकूंनी तोंडावर बोट ठेवलं. "बाबांना इतक्यात नको बोलूस." इतक्यात म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या घरात कुंदाकाकूंचं उभं आयुष्य 'इतक्यात नको' करण्यात गेलं.

मीनलला बेसमेंटमध्ये कोणी नेलं नाही. ती तिथेच राहायची ना! दर रविवारी दुसऱ्यांच्या पोरांना शिरा नेऊन देणारी तीच. आपण काय व्हायचं हे तिला कोणी विचारलंच नाही, कारण काकांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता.

आमच्या गणपतीत दरवर्षी बारावी झालेल्या मुलांचा सत्कार असतो. शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, स्टेजवर मखर, आणि आरतीनंतर एकेका पोराला वर बोलवून नाव, कॉलेज आणि काय शिकणार ते माइकवर सांगायचं. शाल, नारळ, टाळ्या. टाळ्या सगळ्यांना वाजतात, पण कोणाला किती वाजतात ते आयांना बरोबर कळतं. सूत्रसंचालन अर्थात हळबेकाकांचं.

मीनलचं नाव आलं. जांभळ्या रंगाची पैठणी नेसवलेली, चालताना निऱ्यांत पाय अडकत होता. काका माइकवर म्हणाले, "आणि आता, थोडा पक्षपात करतो हं. मीनल हळबे! बायॉलॉजी, प्री-मेड!" प्री-मेड म्हणजे डॉक्टरकीची पहिली पायरी; हॉल दणाणला. मीनलने शाल घेतली, नारळ घेतला, आणि मग हात पुढे करून बाबांच्या हातातला माइक घेतला.

"इट्स नर्सिंग," ती म्हणाली. "मला नर्सिंग करायचंय. मला नर्सिंगलाच अ‍ॅडमिशन मिळाली आहे."

टाळ्या बंद. मला वाटलं, बाई गं, जिंकली पोर! आता हा माणूस काय करेल ते करो.

काकांनी काय केलं माहितेय? हसले. माइक परत घेतला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघा! याला म्हणतात नम्रता. पायरी-पायरीने जाणार म्हणतेय. आमच्या आईचे संस्कार." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! जास्त जोरात वाजवल्या! त्या हॉलमध्ये अडीचशे शिकली-सवरलेली माणसं होती, डॉक्टर, इंजिनियर, पीएचडी. तिने शुद्ध मराठीत सांगितलेलं एकालाही ऐकू आलं नाही. जेवणाच्या रांगेत बायका तिला गालाला हात लावून सांगत होत्या, "डॉक्टरीणबाई, आम्हाला विसरू नका." मीनल ताट घेऊन उभी होती आणि सगळ्यांना "थँक यू काकू" म्हणत होती.

घरी भांडण झालं का? छे. भांडण झालं असतं तर बरं. काका कधी आवाज चढवत नसत. त्यांनी तिला स्टुलासमोर बसवलं आणि म्हणाले, "दोन वर्षं प्री-मेड कर. मग तुला वाटलं तर नर्सिंग कर. मी अडवणार नाही." आणि मीनल हो म्हणाली. मला कुंदाकाकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ओरडलेच, "अहो, अ‍ॅडमिशन मिळालीय ना तिला! हो का म्हणाली?" काकू म्हणाल्या, "यांनी हात जोडले गं तिच्यापुढे."

आता सांगा! शिव्या देणाऱ्या बापाशी लढता येतं. हात जोडणाऱ्या बापाशी काय लढणार?

ती दोन वर्षं त्या पोरीने कशी काढली ते तिचं तिला माहीत. सुट्टीला यायची तेव्हा वाळलेली असायची. केमिस्ट्रीत आपटली, पुन्हा तोच विषय घेतला, पुन्हा आपटली. एका थँक्सगिव्हिंगला आमच्या किचनमध्ये भांडी विसळताना म्हणाली, "मावशी, मी ढ नाहीये ना?" मला इतका संताप आला की मी नळ फाडकन बंद केला. जिला अंथरुणातल्या म्हातारीची लाज कळते, तिला ढ ठरवलं होतं!

शेवटी ती नर्सिंगला गेलीच. काकांनी शब्द पाळला, अडवलं नाही. तिच्याशी त्या विषयावर बोलणंच बंद केलं. ती पास झाली, नोकरीला लागली, हार्टच्या पेशंटांच्या वॉर्डात नाव कमावलं. लोकांनी विचारलं तर काका सांगायचे, "मीनल हॉस्पिटलमध्ये असते." पुढे एक शब्द नाही. ऐकणारा आपला समजायचा काय समजायचं ते. हॉस्पिटलमध्ये काय, पेशंटसुद्धा असतात!

आणि बेसमेंट चालूच होतं. त्यात खंड नाही. पोरं यायची, लोकांना मदत करायची म्हणायची, काका वरून करायला सांगायचे.

कोविडमध्ये आमच्या मंडळाने झूमवर कार्यक्रम केला. 'आपल्या योद्ध्यांना वंदन' असं काहीतरी नाव. काकांनीच आखलेला. आपल्यातल्या एकेका डॉक्टराचा फोटो, दोन ओळी, आणि सगळ्यांनी आपापल्या घरात टाळ्या वाजवायच्या. त्या वेळी मीनल आठवडे-आठवडे घरी येत नव्हती. मास्कने नाकावर जखमा झालेल्या, कुंदाकाकूंना व्हिडिओवर दिसू नयेत म्हणून कॅमेरा बंद ठेवून बोलायची. मी फोटो मोजत नव्हते, पण बघत होते. रिटायर झालेल्या त्वचारोगवाल्याचासुद्धा फोटो आला. मीनलचा नाही. मला राहवलं नाही. सुहास नको नको म्हणत असताना मी अनम्यूट केलं आणि विचारलं, "काका, आपली मीनल राहिली का?"

काका म्हणाले, "ती झोपली असेल. शिफ्ट असते ना तिची." आणि पुढच्या फोटोकडे गेले. एका चौकोनात कुंदाकाकू त्यांच्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, आणि कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. त्या रात्री मी जेवले नाही. सुहास म्हणाला, तुला काय करायचंय, त्यांच्या घरचा प्रश्न आहे. घरचा कसा? अडीचशे लोकांसमोर चाललं होतं ना सगळं!

काकांना गेल्या वर्षी स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण समजत सगळं होतं. कुंदाकाकूंना आता उचलणं-बसवणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून मीनल लांबची रजा घेऊन घरी येऊन राहिली. बेसमेंटचा जिना उतरणं संपलं. पलंग वरच्या मजल्यावरून खाली फॅमिली रूममध्ये आला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. रविवार होता. मी मऊ खिचडी घेऊन गेले तर आधीच पाहुणे बसलेले. नव्याने राहायला आलेलं एक जोडपं, आणि त्यांची अकरावीतली मुलगी, ईशा. म्हणजे एवढं होऊनही रीत सुटली नव्हती! आई मला म्हणाली, "म्हटलं, काकांचा आशीर्वाद तरी मिळेल." मी म्हटलं, आनंद आहे.

मीनल काकांना व्हीलचेअरवर बसवत होती. एक हात त्यांच्या बगलेखाली, एक कंबरेला, आणि त्यांच्या कानाशी हळू आवाजात, "बाबा, आता आपण दोघं उठतोय हं." इतकं सहज उचललं की खोलीत कोणाला वजन जाणवलं नाही. गळ्याशी रुमाल लावला, पाय सरळ करून खुर्चीच्या फूटरेस्टवर ठेवले. ईशा टक लावून बघत होती. काकांनी डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द ओढत विचारलं, "व्हॉट... डू यू... वॉन्ट टू डू?"

ईशाने मीनलकडे पाहिलं. म्हणाली, "आय थिंक... नर्सिंग. लाइक मीनलताई."

तिची आई गोरीमोरी झाली. बाप खोकला. मी मात्र काकांच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, देवा, आता तरी! आता तरी या माणसाच्या तोंडून एक शब्द निघू दे. एवढी वर्षं ती ज्याची वाट बघतेय तो एक शब्द. मीनल त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावत होती. तिचा हात थांबला. तेवढाच थांबला.

काकांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली. "नर्स," ते म्हणाले, आणि श्वास घेतला. "नर्स... आपण... ठेवतो. होत... नाही."

आईबाप सुटल्यासारखे हसले. ईशा हसली नाही, ती अजून मीनलकडेच बघत होती. मीनलने बटण लावलं. मग वळून अगदी शांतपणे म्हणाली, "काका बरोबर सांगतायत, ईशा. लिसन टू हिम." काकांचा चेहरा फुलला. त्यांनी डावा हात वर केला आणि ईशाच्या डोक्यावर ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे काका येतात ते असे: खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात, आपलं खरं झाल्याच्या समाधानात. पुढच्या महिन्यात ते गेले.

त्या रविवारी मी मीनलच्या मागोमाग किचनमध्ये गेले. माझं डोकं फिरलं होतं. "अगं, असं कसं म्हणालीस? त्या पोरीला तरी सोडवायचं होतंस! आणि तू, तू एवढं ऐकून घेतलंस?"

तिने खिचडी बशीत काढली, त्यावर तूप घातलं, चमच्याने कालवली. "ईशाला मी संध्याकाळी फोन करणार आहे," ती म्हणाली. "तिचा नंबर घेऊन ठेवलाय."

"आणि तुझं काय?"

"त्यांचं बीपी वाढलं असतं, मावशी. पेशंटला चिडवायचं नसतं." तिने बशी उचलली. "ते नुसते बाबा असते तर मी भांडले असते."